त्रेसष्ट पिझ्झे आणि नऊ खुर्च्या

बर्नी झेलेन्कानं एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस हाकली. तेवढ्या काळात तिनं एक हरीण, चार टपालपेट्या आणि मुख्याध्यापकांच्या अंगणातला एक प्लॅस्टिकचा सांताक्लॉज उडवला, पण पोरगं एकही खरचटू दिलं नाही. निवृत्त झाली तेव्हा शाळेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिनं गॅरेजात लावलं, कारण पहाटे पावणेपाचला डोळा उघडायची खोड गेली नव्हती आणि घड्याळ दिसलं की तिला राग यायचा. आवाजही निवृत्त झाला नव्हता. स्टिअरिंगपासून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज आता पाच खोल्यांच्या घरात मावेना. तिचा नवरा हँक, जन्मभर पाइप जोडलेला, मुळातच कमी बोलणारा गडी, दिवसातनं तीनदा कुत्रं फिरवायला न्यायचा. कुत्रं बिचारं थकून आडवं व्हायचं, तरी हा त्याला उठवायचा.

रिकामपणात कुणी स्वेटर विणतं, कुणी टोमॅटो लावतं. बर्नीनं पिझ्झा धरला. खात ती आधीही होतीच, आता नेमानं खायला लागली. दर शनिवारी एक दुकान. शिकागोच्या नैर्ऋत्येला वेस्ट लिंडन म्हणून जे उपनगर आहे, तिथं पिझ्झाची नऊ दुकानं, नऊही घरची. नऊ आठवड्यांत एक फेरी पुरी व्हायची, की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या कंपन्यांनी दोनदा येऊन हात पोळून घेतले होते. त्यातल्या एका जागेत आता दाताचा डॉक्टर बसतो.

वेस्ट लिंडनमध्ये माणूस जसा एखाद्या चर्चात जन्मतो, तसाच एखाद्या पिझ्झाच्या दुकानात जन्मतो. बापाचं दुकान ते लेकाचं. सून दुसऱ्या दुकानातली आली तर पहिली दोन वर्षं घरात जरा गारठा असतो. बर्नी तेवढी नऊही दुकानांची, कारण नऊही मालक नाहीतर त्यांची पोरं तिच्या बसमधून शाळेत गेली होती. कुणाचं नाक पुसलेलं, कुणाचं बूट शोधून दिलेलं, कुणाला ओकारी आली म्हणून बस थांबवलेली. एवढं झाल्यावर तिला परकं कोण म्हणेल? नऊही दुकानांत तिची खुर्ची ठरलेली. डेल्फिनाकडं भट्टीजवळचं टेबल, स्किप मलरोनीच्या दारूगुत्त्यात कोपऱ्यातलं उंच स्टूल, म्हाताऱ्या रुकाविनाकडं गरम हवेच्या झरोक्याखालची जागा. शनिवारी तिथं दुसरं कुणी टेकलं तर त्याला पाणी उशिरा यायचं.

बसल्यावर ती आधी तुकडा उलटा करून त्याचं बूड बघायची. मग मोडून कानाशी न्यायची. इथला पिझ्झा पापडाइतका पातळ, मोडताना आवाज झाला पाहिजे. आणि तुकडे चौकोनी. गोल वस्तूचे चौकोन पाडले की कडेला चार चिमुकले तिकोनी कोपरे उरतात, करकरीत, जरासे करपलेले. त्या कोपऱ्यांपायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. बर्नी चारही कोपरे आधी उचलायची, आणि हँक तिच्याकडं बघत बघत मधले मऊ चौकोन खायचा. त्रेचाळीस वर्षांचा संसार असा चालला होता.

खाऊन झालं की मालक हात पुसत यायचा. बर्नी म्हणायची, बरा हाय. यापलीकडं तिनं कुणाला काही दिलं नाही. पण गावात बारसं असो, मयत असो, फोन तिलाच यायचा. ती सांगायची, मयतीला रुकाविनाचा घ्या, गार झाला तरी कुडकुडीत राहतो, माणसं रडत रडत उशिरानं खातात. पोरांच्या वाढदिवसाला डेल्फिनाचा, तिचं सॉसेज गोडसर. घटस्फोट झाला असंल तर स्किपकडंच जा, तिथं प्यायलाबी मिळतं.

सॉसेज ज्याचं त्याचं, आणि तिथंच सगळी इज्जत. कुणी बडीशेप जास्त घालतो, कुणी लसूण. रुकाविना वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तळघरात कडी लावून खिमा एकटा मळायचा. जावयांना अजून आत प्रवेश नव्हता. बाकी काय, मैदा तोच, टोमॅटोचे डबे तेच, आणि चीज तर नऊही जणांकडं मंगळवारी विस्कॉन्सिनहून येणाऱ्या एकाच ट्रकमधनं उतरायचं.

फेब्रुवारीत फादर ओबिन्नांनी तिला बोलावलं. संत सिरिलच्या चर्चाचा पहिला दगड बसला त्याला तेरा मार्चला शंभर वर्षं होणार होती. त्या दिवशी तळमजल्याच्या हॉलमध्ये चारशे माणसांचं जेवण. पिझ्झाच करायचा यावर बायकांच्या मंडळाचं पहिल्याच मिनिटाला एकमत झालं होतं. कुणाच्या दुकानाचा, यावर चार बैठका झाल्या, कॉफीची एक किटली फुटली, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी राजीनामा दिला. फादर नायजेरियाचे, इथला त्यांचा हा तिसरा हिवाळा, झग्याखाली अजून दोन स्वेटर घालायचे. ते म्हणाले, तुम्हाला सगळे मानतात, तुम्ही एक दुकान निवडा म्हणजे मिटलं.

बर्नीची छाती फुगली. हो म्हणून ती बाहेर आली, मोटारीवरचा बर्फ खरवडायला लागली, आणि अर्धी काच साफ झाल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाला निवडायचं म्हणजे आठांना नाकारायचं. शंभर वर्षांतनं एकदाच येणारा मान.

वेस्ट लिंडनमध्ये नाराज झालेला दुकानदार कधी भांडत नाही. मार्ज ओल्सनचं उदाहरण सगळ्यांना माहीत होतं. तिनं बारा वर्षांमागं लेकीच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चातल्या पहिल्या प्रसादाच्या, जेवणाला घरच्या दुकानाला सोडून दुसरीकडनं पिझ्झे आणले. तेव्हापासून तिनं कधीही फोन केला तरी पलीकडून गोड आवाजात एकच उत्तर, दोन तास लागतील. दुकानात चिटपाखरू नसलं तरी दोन तास. बर्नीला एका दिवसात आठ मार्ज व्हायचं होतं. आठ खुर्च्या गेल्यावर उरलेल्या एकीवर दर शनिवारी बसून ती करणार काय होती?

"चिठ्ठ्या टाक," हँक म्हणाला.

"शंभर वर्षांचं चर्च हाय ते, लॉटरी न्हाई."

तिनं ठरवलं, राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागायच्या आत आठ दिवसांत नऊही दुकानं पालथी घालायची, आणि ज्याचं सॉसेज खरोखर उजवं त्याला मान द्यायचा. मग कुणी बोट दाखवणार नाही. हँकनं पँटचा पट्टा काढून घरीच ठेवला.

बातमी तिच्याआधी पोचली होती. डेल्फिना कार्बोने, साठीला टेकलेली, हातात कायम लांब दांड्याचं लाकडी फावडं, तिनं बर्नीपुढं पिझ्झा ठेवला तर त्याला कोपरेच कोपरे. पोरीनं लहान लहान चार पिझ्झे भाजून सोळा कोपरे कापून एका ताटात लावले होते. बर्नी म्हणाली, हे लाच देणं झालं. डेल्फिना म्हणाली, लाच काय, ह्याला पाहुणचार म्हणतात, तुमच्या झेक लोकांत नसंल. बर्नीनं सोळाही खाल्ले. हँकला एकही मिळाला नाही, पण त्या दिवशी मऊ चौकोनही नव्हते, म्हणून तो पावाच्या टोपलीकडं वळला.

स्किप मलरोनीनं स्टुलावर नवी गादी शिवून घेतली होती, हिरवी, वर तिचं नाव. आयरिश माणसाला पिझ्झा कुणी शिकवला म्हणून गाव त्याच्या बापाला हसलं होतं. ते हसू स्किपच्या अजून जिव्हारी होतं. तो काही मागत नव्हता, म्हणाला. फक्त बाप वर्षानुवर्षं चर्चात शेवटच्या बाकावर बसला, तो एकदा पुढं येईल असं त्याला वाटत होतं. बर्नी म्हणाली, तुझा बाप तर मरून नऊ वर्षं झाली. स्किप म्हणाला, म्हणून तर.

रुकाविनानं कमाल केली. म्हातारा तिला तळघरात घेऊन गेला. जावई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून माना लांब करून बघत होते. खाली एक दगडी टेबल, एक परात, मिठाचं मडकं, बस. म्हातारा कुजबुजला की परातीत शेवटी चमचाभर आलुबुखाराची दारू पडते, आणि हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. बर्नी वर आली ती चेहऱ्यावर मंदिरातनं आल्यासारखा भाव घेऊन. तिच्या पोटात एक गुपित होतं आणि पाऊण पिझ्झा.

बाकीच्या सहा जणांनीही हात आखडता घेतला नाही. मंगळवारी दुपारी नववं दुकान आटपलं तेव्हा बर्नीला कोट लागेना. बटणं आणि भोकं एकमेकांना दिसत होती, पण भेट होत नव्हती. हँक मोटारीत सीट मागं पाडून पडला होता आणि विव्हळत होता की हसत होता हे कळत नव्हतं. दोघांनाही मग हसू फुटलं, आणि हसलं की पोट दुखे, पोट दुखलं की अजून हसू येई. रस्त्यानं जाणाऱ्या पोलिसानं काचेवर टकटक करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? बर्नी म्हणाली, सॉसेज. पोलीस गावातलाच होता. त्यानं मान डोलावली आणि पुढं गेला.

निवडता मात्र काही आलं नाही. नऊही उजवी होती.

बुधवारी चर्चात रांग लागली. फादरांनी अंगठा राखेत बुडवून तिच्या कपाळावर काळा क्रूस ओढला, माती आहेस आणि मातीलाच मिळशील म्हणाले. बर्नी मनात म्हणाली, मिळीन, पण तेरा तारखेनंतर. बाहेर दारात तिनं त्यांना गाठलं आणि सांगितलं की सॉसेजचे साठेक पिझ्झे लागतील, दुकानाचं नाव रविवारपर्यंत देते.

फादरांनी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या कपाळावरच्या राखेकडं बघितलं.

"बर्नीबाई, तेरा मार्चला शुक्रवार आहे."

"व्हय. मग?"

"उपासकाळातला शुक्रवार. मांस चालत नाही."

बर्नीचं तोंड उघडं राहिलं. एकतीस वर्षं बस हाकताना ते इतका वेळ कधी उघडं आणि गप्प असं राहिलं नव्हतं. बायकांचं मंडळ, ऑर्गनवाल्या बाई, नऊ मालक, हँक, ती स्वतः, सगळे जन्माचे कॅथलिक. लहानपणापासून उपासकाळातल्या शुक्रवारी ज्यांनी मासळी सोडून कसलंच मांस तोंडात घातलं नाही, अशी ही माणसं महिनाभर सॉसेजवरून एकमेकांच्या उरावर बसली होती.

"फादर, तुम्हांला ठाव होतं?"

"तारीख मीच काढली."

"मग बोलला न्हाईत ते?"

"मी पिझ्झा म्हणालो होतो," फादर शांतपणे म्हणाले. "सॉसेज कोण म्हणालं?"

आता ह्या माणसाला काय सांगायचं? इथं पिझ्झा म्हटलं की सॉसेज आलंच, जसं लग्न म्हटलं की नवरा आला. बर्नीनं विचारलं, बिशपांकडनं एका दिवसाची सूट मिळंल का. फादर म्हणाले, मिळेलही, पण सॉसेजसाठी बिशपांना पत्र लिहिणारा पहिला नायजेरियन म्हणून मला इतिहासात जायचं नाही.

म्हणजे नुसता चीजचा. दोन दिवसांत गावभर झालं, आणि वारं फिरलं. सॉसेज काढलं की उरतं काय, तोच मैदा, तेच टोमॅटो, त्याच ट्रकमधलं चीज. नऊ जणांचे नऊ कोट उतरवले तर आत बनियन सारखेच. काल ज्या मानासाठी मरत होते, तो आज कुणाला नको होता. आपलं नाव लावून उघडाबोडका पिझ्झा चारशे माणसांपुढं कोण ठेवणार? डेल्फिना म्हणाली, चीजचा ना, मग रुकाविनाला सांग, त्याच्या सॉसेजला नाहीतरी चव नव्हती, फरक पडणार न्हाई. रुकाविना म्हणाला, पोरी, स्किपला दे, दारू पिऊन खाणाऱ्यांना काय कळतंय. स्किपनं स्टुलावरची हिरवी गादी काढून आत नेऊन ठेवली. बाकीच्यांनी फोनवर गोड आवाज काढले.

हँकनं कुत्र्याचा पट्टा खुंटीला लावला आणि हिशोब मांडला. "आधी आठ दुश्मन व्हायचे होते. आता ज्याच्या गळ्यात मारशील तो एकच. सातानं फायदा."

"आणि तो एक कोण?"

हँकनं पट्टा पुन्हा खुंटीवरून काढला. त्यालाही एकही खुर्ची सोडवत नव्हती.

बर्नी दोन रात्री तळमळली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बस डेपोत गेली. डेपोचा मुकादम एके काळी तिच्याच बसमध्ये मागं बसून च्युइंगम चिकटवणारं पोरगं. तिनं त्याला विचारलं की एखादी बस दुरुस्तीनंतर चालवून बघायची आहे का. तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, तेरा तारखेला साडेचार वाजता आहे. तो म्हणाला, बरं.

मग ती नऊही दुकानांत गेली, या वेळी बसली नाही, उभ्यानंच बोलली. प्रत्येकानं सात पिझ्झे करायचे, चीजचे. साध्या पांढऱ्या कागदी पिशवीत घालायचे. पिशवीवर नाव नको, शिक्का नको. ताटात सगळे चौकोन एक होणार, कुणाचं कुठलं हे देवालाच कळंल, आणि देव सांगत न्हाई. कुणाचं नाव मोठं न्हाई, कुणाची लाज जात न्हाई. तिचा तो बसमधला आवाज बारीक चिरका होऊन निघाला होता, हे डेल्फिनाच्या लक्षात आलं. तिनं फावडं भिंतीला टेकवून विचारलं, बाकीचे हो म्हणाले का? बर्नी म्हणाली, तू पहिली आहेस. नवव्या ठिकाणीही ती हेच म्हणाली.

तेरा तारखेला बर्फाचा चिखल झाला होता. पिवळी बस दुकानामागून दुकान घेत निघाली. दर थांब्याला बर्नी दार उघडायची, मालक स्वतः पिशव्या घेऊन यायचा, आजूबाजूला बघून पटकन वर द्यायचा आणि आत पळायचा, जणू चोरीचा माल. हँक एकेका बाकावर तीन तीन पिशव्या बसवायचा. पिशव्यांना तेलाचे पारदर्शक डाग पडत होते, काचांवर वाफ धरत होती, आणि सगळ्या बसला असा काही वास सुटला की सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारीतला माणूस काच खाली करून वर बघत राहिला. रेल्वेच्या फाटकाशी बर्नीला सवयीनं आरशात बघावंसं वाटलं. त्रेसष्ट पिझ्झे शिस्तीत बसले होते. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. इतक्या गुणाचं गिऱ्हाईक तिच्या बसला कधी मिळालं नव्हतं, आणि ती वळणावर मुद्दाम जरा जोरात गेली. हँक पिशव्यांवर आडवा पडून दोन्ही हातांनी धरून ओरडला, तिकडं ती हसायला लागली.

हॉलमध्ये बायकांनी पिशव्या फाडून चौकोन ताटात ओतले. पहिल्या दहा मिनिटांत कुणाचं कुठलं हे बर्नीला ठाऊक होतं, कारण तिनं पिशव्या दुकानांच्या क्रमानं लावल्या होत्या. मग ताटं फिरली, ऑर्गनवाल्या बाईंनी राजीनामा मागं घेऊन वाढायला सुरुवात केली, आणि सगळा गोंधळ झाला. माणसं खात होती, बोट वर करून सांगत होती, हा नक्की अमक्याचा, आणि समोरचा म्हणत होता, तुझी जीभ गेली कामातनं.

नऊही मालक आले होते. एकमेकांपासून हात हातभर अंतर ठेवून भिंतीला उभे, अंगात कोट, हात खिशात. त्यांच्यापैकी एकानंही जन्मात दुसऱ्याचा पिझ्झा तोंडात घातला नव्हता. शेवटी रुकाविनानं ताटातला एक कोपरा उचलला. डोळे मिटून चावला. सगळे बघायला लागले. म्हातारा हळूहळू बर्नीकडं आला.

"हा माझा हाय. न्हवं?"

तो स्किपच्या पिशवीतला होता. ते ताट बर्नीनं स्वतः भरलं होतं.

"तुमचाच, बाबा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले असते, पण तो जन्मभर कांदा चिरलेला माणूस, त्याचे डोळे लवकर ओले होत नाहीत. त्यानं आणखी तीन तुकडे कागदात गुंडाळून खिशात घातले. त्याला बघून स्किप पुढं झाला, त्यानं एक कोपरा खाल्ला, बर्नीला बाजूला घेऊन विचारलं, आणि तिनं त्यालाही तेच सांगितलं. तो तिथंच उभा राहून नाक शिंकरायला लागला. मग रांगच लागली. एकेक मालक यायचा, आवाज उतरवून विचारायचा, बर्नी हो म्हणायची, आणि तो दोन इंच उंच होऊन परत भिंतीकडं जायचा. फादर ओबिन्ना लांबून बघत होते. त्यांना वाटलं पापनिवेदन चाललंय, आणि आपण मधे येऊ नये म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

सगळ्यात शेवटी डेल्फिना आली. ती बराच वेळ खांबाआड उभी होती.

"हा माझा," ती म्हणाली.

"तुझाच."

"किती जणांना असं म्हणालीस?"

बर्नीनं खोटं बोलायचं ठरवलं, पण तिला आता दम उरला नव्हता.

"तुला धरून नऊ."

डेल्फिनानं तिच्याकडं रोखून बघितलं. भिंतीला उभ्या आठ जणांकडं बघितलं, आठही माना ताठ. मग तिच्या पोटातनं असं हसू वर आलं की ते तिला दाबता येईना. तिनं तोंडावर रुमाल धरला, खांबाला टेकली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत बर्नीच्या दंडाला धरून तिच्या कानाशी आली.

"उद्या शनिवार, ये. हँकलाबी आण," ती म्हणाली. "भट्टीजवळ बसवते. सॉसेज करून ठेवलंय."